जुन्या गाडीची चाके : रंगवावी की बदलावी ?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी कोणी पाककृती सांगते, कोणी बाळाच्या आजारपणावर बोलते, कोणी यात्रेची हकिगत सांगते. या खेपेस चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही तुमच्या गाडीच्या चाकांची गोष्ट सांगा." मला प्रथम हसू आले. चाकांवर बायकांच्या सभेत काय बोलावयाचे ? पण मग वाटले, घरात आलेली कोणतीही वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकावयाची की दुरुस्त करून वापरावयाची, हा प्रश्न शेवटी आपल्याच पदरात येतो. ताट असो, गादी असो, नाहीतर मोटारीचे चाक असो. म्हणून मी होकार दिला.

आमची गाडी मारुती ८००. ही गाडी आपल्या देशात १९८३ सालच्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ सालच्या जानेवारीत कारखान्याने ती काढणे बंद केले. आमची २००९ सालची. म्हणजे अगदी अखेरच्या काळातली. आपल्या चिपळुणास २२ जुलै २०२१ रोजी पूर आला, तेव्हा ती दारात उभी होती. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी कोणाच्या घरात किती शिरले हे मी येथे सांगावयास नको, इथे बसलेल्या प्रत्येकीने ते डोळ्यांनी पाहिले आहे. गाडी दरवाजाच्या मुठीपर्यंत चिखलपाण्यात होती. पुढे इंजिन उघडून धुतले, आसने काढून वाळविली, तारा बदलल्या, आणि गाडी चालू झाली. चाकांकडे मात्र त्या गडबडीत कोणी पाहिले नाही. फिरत होती ना, मग झाले !

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर ती तपासून घेऊन पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत २०२४ साली संपत होती. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांची ५,००० रुपये झालेली. त्यात पुढच्या डाव्या चाकातील हवा दर आठवड्यास कमी होऊ लागली. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून पाहिले, खिळा नाही, काच नाही. तो म्हणाला, "हवा टायरातून जात नाही. डिस्कच्या कडेने जाते आहे. डिस्क गंजली."

येथे एक शब्द समजावून सांगते. आपण ज्याला चाक म्हणतो त्यात दोन वस्तू असतात. बाहेरचे रबर ते टायर, आणि आतले लोखंडी किंवा अल्युमिनियमचे ते रिम. गॅरेजवाले लोखंडी रिमला डिस्क म्हणतात. ट्यूब नसलेल्या टायरात हवा धरून ठेवण्याचे काम टायरची कड आणि डिस्कची कड दोघी मिळून करतात. डब्याचे झाकण जसे घट्ट बसावे लागते तसे. डब्याचा काठ गंजून खडबडीत झाला तर झाकण कितीही नवे आणा, आतला चिवडा मऊ पडणारच.

त्या संध्याकाळी आमच्या घरी तीन मते पडली. यजमान म्हणाले, "आता गाडीच मोडीत काढू. पाच हजार फी, शिवाय चाके, शिवाय रंग. मेल्या म्हशीला मणभर दूध कशाला ?" मुलगा म्हणाला, "लोखंडी डिस्का काढून टाका, चकचकीत अलॉय बसवा, गाडी नवी दिसेल." आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पण त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मला कळत होता. त्यांना दर पंधरा दिवसांनी उपचारासाठी कऱ्हाडास न्यावे लागते. एस. टी.त त्यांना बसवत नाही, आणि भाड्याची गाडी केली तर एका खेपेस जेवढे पैसे जातात तेवढ्यात आमच्या गाडीचे पेट्रोल दोन खेपांना पुरते. गाडी गेली तर खेपा कमी होतील, आणि खेपा कमी झाल्या तर त्या आपल्यामुळे झाल्या असे त्यांच्या मनाने घेतले असते. म्हणून मी म्हटले, "मोडीचे मागाहून पाहू. आधी चाके उतरवून बघू या. बघितल्याशिवाय निकाल कशाला ?"

भगिनींनो, आपल्या आईच्या काळी दारात कल्हईवाला येत असे. आपण पितळेची पातेली त्याच्यापुढे ठेवीत असू. तो लगेच भाता फुंकू लागत नसे. प्रथम भांडे हातात घेऊन उजेडाकडे धरावयाचा, बुडावर बोट फिरवावयाचा, आणि एखादे भांडे बाजूस काढून म्हणावयाचा, "बाई, याचे बूड गेले. याला कल्हई लावून उपयोग नाही." कथील आणि नवसागर हे भांड्याचे पोट स्वच्छ करतात, बुडाला ताकद देत नाहीत. हीच गोष्ट चाकाची. रंग हा लोखंडाला गंजापासून राखतो, लोखंडाची ताकद वाढवीत नाही. म्हणून पहिला प्रश्न "रंग द्यावा का" हा नव्हे. "याचे बूड शाबूत आहे का" हा पहिला प्रश्न.

आता चाकावर किती भार असतो पाहा. आमची गाडी रिकामी साडेसहाशे किलोच्या आसपास. चार माणसे आणि थोडे सामान धरले तर नऊशेच्या घरात जाते. म्हणजे एकेका चाकावर सव्वादोनशे किलो. टायरवर १४५/७० आर १२ असा आकडा आहे. मुलाने त्याचा हिशेब मला करून दाखविला. टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, तिच्या शेकडा ७० इतकी टायरची उंची, आणि मधली डिस्क १२ इंची. सगळे मिळून चाकाचा घेर १६० सेंटिमीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक सव्वासहाशे फेरे घेते. चिपळुणाहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड शंभराच्या आसपास किलोमीटर. तेव्हा एका बाजूच्या प्रवासातच साठ हजारांवर फेरे झाले ! प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा पत्रा किंचित वाकतो आणि परत सरळ होतो. आपण एखादी तार इकडून तिकडे वाकवीत राहिलो म्हणजे ती शेवटी तुटते ना, तसाच हा प्रकार आहे. चांगल्या पत्र्याला त्याचे काही होत नाही. पण जेथे चीर आहे, तेथे प्रत्येक फेरा ती चीर रतीभर पुढे नेतो. आणि खाली कुंभार्लीची वळणे !

तर आम्ही पाचही चाके, म्हणजे स्टेपनीसुद्धा, उतरवून टायर काढावयास सांगितले. टायर काढल्याशिवाय डिस्क पाहणे म्हणजे पदर न सरकवता नवरी पाहण्यासारखे आहे. आमच्या चाकांवर प्लॅस्टिकच्या चंदेरी टोप्या होत्या, त्यांना व्हील कॅप म्हणतात. टोप्या कशा चमकत होत्या ! काढल्यावर पाहावे तो वरून कीर्तन, आतून तमाशा. टोपीच्या आत चिखल साठून पुराची माती तीन वर्षे तशीच बसली होती. ओल धरून ठेवावयास तिच्याइतके चांगले दुसरे काही नाही. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि सुटलेल्या पापुद्र्याखाली पुन्हा पाणी शिरते. असा तो आत आत खात जातो. आपल्या कोकणातील हवा दमट, त्यात समुद्राकाठी गाडी फिरत असेल तर खारे वारे. देशावरची डिस्क जेवढी टिकेल तेवढी इकडे टिकणार नाही हे गृहीत धरावे.

मेकॅनिकने डिस्का ओळीने मांडल्या. मी त्याला म्हटले, "मला एकेक समजावून सांग, मग काय ते ठरवू." त्याने जे दाखविले ते आज तुम्हांला सांगते, कारण पाहावयाच्या जागा पाचच आहेत आणि त्या पाहावयास डोळे आणि तारेचा ब्रश एवढेच लागते.

पहिली जागा नटांची भोके. भोक वाटोळे असले पाहिजे. नट ढिले राहून गाडी चालली असेल तर भोक लांबट होते. लांबट झालेले भोक कशानेही वाटोळे होत नाही. ती डिस्क बदलावी.

दुसरी जागा भोकांच्या भोवतालची आणि मधल्या तबकडीवरील खिडक्यांच्या भोवतालची. येथे केसासारखी चीर पडते. ब्रशने गंज घासून, रॉकेलचा बोळा फिरवून कोरडे पुसावे. चीर असली तर थोड्या वेळाने त्या जागी ओली रेघ उमटते, कारण चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते. चीर दिसली की विचार संपला. ती डिस्क बदलावी.

तिसरी जागा मधली तबकडी आणि बाहेरचे कडे जेथे जोडलेले असते तेथील सांधा. तो उकललेला नसावा, आणि तेथला पत्रा गंजाने पातळ झालेला नसावा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावे. टोक आत रुतले किंवा पत्र्याचे कण पडू लागले तर ती डिस्क बदलावी.

चौथी जागा टायर बसते ती कड. वरवरचा गंज ब्रशने निघून खाली गुळगुळीत लोखंड लागले तर ती रंगविण्याजोगी आहे. पण देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले असले आणि त्यांत नख अडकत असले, तर हवा जाणारच. खड्डे रंगाने भरले तरी टायर चढविताना रंग खरवडला जातो आणि हवा पुन्हा जाऊ लागते.

पाचवी गोष्ट वाकडेपणा. डिस्क बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहिली की ती सरळ फिरते की डुगडुगते हे कळते. आपल्याकडचे रस्ते तुम्हांला ठाऊकच आहेत. मुंबई-गोवा रस्त्याचे काम चालू असताना एकेका खड्ड्याने किती डिस्का वाकविल्या असतील याची गणती नाही. फक्त बाहेरची कड थोडी दबली असेल तर ती यंत्रावर सरळ करून मिळते. मधली तबकडी वाकली असेल तर तिच्या नादी लागू नये.

याशिवाय एक जुनी युक्ती. बाजारात मडके घेताना आपण काय करतो ? वाजवून घेतो. पूर्वी रेल्वेच्या स्टेशनांत गाडी उभी राहिली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाके ठोकीत जात असे, तेही त्याचसाठी. टायर काढलेली डिस्क दोरीला टांगून हलकेच ठोकली तर चांगली डिस्क खणखणते, चिरलेली बद्द वाजते. मात्र एवढ्यावरच विसंबू नये. खणखणली तरी आधीच्या पाच जागा डोळ्यांनी पाहाव्यात.

आमच्या पाच डिस्कांचा निकाल असा लागला. तीन डिस्कांवर फक्त वरवरचा गंज. हवा जाणाऱ्या पुढच्या डाव्या डिस्कच्या कडेला खोल खड्डे. आणि मागच्या उजव्या डिस्कला, जिची कोणाचीच काही तक्रार नव्हती, नटाच्या भोकापासून खिडकीकडे गेलेली पाऊण इंचाची चीर ! मी ती पाहिली आणि अंगावर काटा आला. आदल्याच आठवड्यात त्या चाकाच्या वरच्या आसनावर सासूबाई बसून घाट उतरून आल्या होत्या.

गॅरेजमधील दुसरा एक कारागीर म्हणाला, "ताई, दोनशे रुपयांत वेल्डिंग मारून देतो. वरून रंग दिला की दिसणारही नाही." माणूस वाईट नव्हता, आमचे पैसे वाचविण्यासाठीच बोलत होता. पण "दिसणार नाही" हे ऐकूनच माझे मन ठरले. वेल्डिंगने चीर झाकते, परंतु त्या प्रचंड उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचे लोखंड पहिल्यासारखे राहत नाही, आणि पुढची चीर वेल्डिंगच्या अगदी शेजारून निघते. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली तर ती तापवून पुन्हा बसवीत, पण तुंब्याला तडा गेला तर सुतार तो बदलीत असे. ओझे वाहणाऱ्या वस्तूला ठिगळ नको. गोधडीला ठिगळ शोभते.

आता पैशाचा हिशेब सांगते. हे भाव आम्हांला मिळालेले आहेत, तुमच्या गावी वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच. नवीन लोखंडी डिस्क १,५०० रुपये. जुनी डिस्क वाळूच्या झोताने घासून पावडरचा रंग भाजून देण्याचे ७०० रुपये. टायर उतरविणे, चढविणे, नवा व्हॉल्व आणि बॅलन्सिंग मिळून चाकामागे २०० रुपये. पाचही डिस्का नव्या घेतल्या तर ७,५०० आणि वरचे १,००० मिळून ८,५०० रुपये. दोन नव्या आणि तीन रंगवून घेतल्या तर ३,००० अधिक २,१०० अधिक १,०००, एकूण ६,१००. म्हणजे २,४०० रुपये वाचले. मुलाला हवी होती ती अलॉयची चाके चार घेतली तर १८,००० रुपये, आणि स्टेपनी जुनीच राहणार.

माझा एक आडाखा आहे, तो मी घरातील सर्व वस्तूंना लावते. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याच्या आत असेल आणि वस्तूचे बूड शाबूत असेल, तर दुरुस्ती करावी. निम्म्याच्या वर गेला तर नवे घ्यावे. सातशे हे पंधराशेच्या निम्म्याच्या आत बसतात. तेच कोणी डिस्क रंगविण्याचे हजार-बाराशे मागितले असते, तर मी पाचही नव्याच घेतल्या असत्या. उगाच जुन्याचे प्रेम म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. चांगल्या अलॉयच्या चाकाचा हिशेब मात्र उलटा पडतो. तिथे नवे चाक महाग असल्यामुळे नुसते चरे आणि ओरखडे असतील तर रंगवून घेणेच पुष्कळदा परवडते.

मुलाचा हिरमोड होऊ नये म्हणून अलॉयचीही बाजू आम्ही ऐकून घेतली. ती चाके दिसावयास सुरेख, वजनाला पुष्कळदा हलकी, आणि लोखंडासारखी तांबूस गंजत नाहीत. परंतु जोराचा खड्डा बसला तर लोखंडी डिस्क वाकते, अलॉय तडकू शकते. तिला रंग भाजून घेताना जास्त उष्णताही मानवत नाही. शिवाय हौशीने मोठ्या मापाची चाके बसविली तर ती वळणावर आत घासतात, बेअरिंगवर ताण येतो, आणि चाकाचा घेर वाढल्यामुळे वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. आमच्या गाडीची तपासणी तोंडावर आलेली, तेव्हा कारखान्याने दिले तेच माप ठेवणे शहाणपणाचे होते. मुलाला मी म्हटले, "तू कमावता झालास की तुझ्या गाडीला सोन्याची चाके लाव." तो हसला आणि गप्प बसला.

भंगारवाल्याकडे जुन्या डिस्का पाचशे रुपयांना मिळत होत्या. त्या बाबतीत एवढेच सांगते, की ताजा रंग दिलेली जुनी डिस्क कधीही घेऊ नये. गंजलेली दिसली तरी चालेल, निदान काय आहे ते दिसते. ताज्या रंगाखाली काय दडले आहे ते देव जाणे.

आता रंगाविषयी. आमच्या तीन डिस्का औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात दिल्या. तेथे प्रथम वाळूसारख्या कणांचा जोराचा झोत सोडून सगळा गंज आणि जुना रंग उडवितात. डिस्क राखाडी पांढरी होते. मग कोरडी पावडर विजेच्या भाराने तिच्यावर चिकटवितात आणि भट्टीत १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेत दहावीस मिनिटे भाजतात. पावडर वितळून एकसारखा कठीण थर बसतो. लोखंडी डिस्कला या उष्णतेचा काही अपाय नाही. बिस्किटे भाजून आणावीत तशा त्या डिस्का दुसऱ्या दिवशी घरी आल्या !

जिला कारखान्यात देणे जमत नसेल तिने घरी करावे. टायर उतरवून आणलेली डिस्क तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने उजळ लोखंड दिसेपर्यंत घासावी. साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. थिनरने पुसून तेलकटपणा काढावा. मग जस्ताचा प्रायमर पातळसा दोन वेळा, आणि त्यावर चंदेरी रंग पातळसा दोन वेळा. प्रत्येक हाताच्या मध्ये वाळू द्यावे. येथे पी हळद आणि हो गोरी असे चालत नाही. आणि हे काम श्रावणातल्या ओल्या हवेत करू नये. दिवाळीनंतरचे कोरडे ऊन याला उत्तम. घासताना तोंडाला फडके बांधावे, कारण गंजाची धूळ छातीत जाते.

दोन सूचना मात्र कारखान्यात दिले तरी, घरी केले तरी पाळाव्यात. नट जेथे टेकतो ती खोलगट जागा आणि डिस्कची मागची बाजू जेथे गाडीला टेकते ती जागा, येथे जाड रंग बसू देऊ नये. रंगाचा जाड थर नटाखाली दबतो, झिजतो आणि नट ढिला होतो. म्हणून रंगविण्यापूर्वी त्या जागा चिकटपट्टीने झाकून घ्याव्यात, किंवा कारखान्याला तसे बजावून सांगावे. आणि चाक चढविल्यावर नट समोरासमोरचे आवळावेत, एकाच बाजूने ओळीने नव्हे. मग पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत. गोधडी शिवताना आपण आधी चारही कोपऱ्यांना टाके घालतो, नाहीतर कापड एकीकडे ओढले जाते. नटांचेही तेच.

टायर उतरलेलेच असते तेव्हा त्याचे वयही पाहून घ्यावे. टायरच्या अंगावर चार आकडे एका लांबट चौकटीत छापलेले असतात. २३१९ असे असले तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले. नक्षी शिल्लक असली तरी रबराला भेगा पडल्या असतील तर नव्या डिस्कवर जुने टायर चढविण्यात शहाणपण नाही.

आमची गाडी तपासणीत पास झाली आणि पुढच्या पाच वर्षांची नोंदणी मिळाली. हवा आता जात नाही. त्यानंतर पहिल्यांदा कऱ्हाडास निघालो तेव्हा सासूबाईंनी गाडीत बसण्याआधी वाकून मागच्या उजव्या चाकाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. मी काही बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. वाचलेल्या २,४०० रुपयांत त्यांची महिन्याची औषधे आली. यजमान अजून अधूनमधून म्हणतात, की या गाडीवर किती दिवस खर्च करावयाचा. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. इंजिन किंवा खालचा सांगाडा गेला तर मीच प्रथम म्हणेन, की आता पुरे. पण तो दिवस सांगाडा पाहून ठरवावयाचा. गाडीचे वय किंवा शेजारणीची नवी गाडी पाहून नव्हे.

भगिनींनो, हल्ली दोन टोकांची माणसे दिसतात. काही जण जरा डाग पडला की वस्तू फेकतात. काही जण काहीच फेकीत नाहीत, फुटकी बादलीही माळ्यावर ठेवतात. दोघेही वस्तूकडे नीट पाहत नाहीत, एवढे त्यांच्यात साम्य आहे. आमच्या पाच डिस्का एकाच गाडीच्या, एकाच वयाच्या, एकाच पुरात बुडालेल्या. तरी त्यांतल्या तीन राहिल्या आणि दोन गेल्या. जी हवा सोडीत होती ती तर गेलीच, पण जी निमूटपणे चालत होती तीच जास्त धोक्याची निघाली. तेव्हा कुरकुर करते तिच्याकडेच नव्हे, गप्प असते तिच्याकडेही पाहावे. हे मी चाकांबद्दल बोलते आहे, पण घरातल्या माणसांना लावून पाहिलेत तरी माझी हरकत नाही.

ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे, त्यांना माझी एकच विनंती. हा पावसाळा संपला की चाकांच्या टोप्या एकदा काढून पाहा. टायर उतरवून मिळेल तेव्हा सांगितलेल्या पाच जागा पाहा. घरातील पुरुष म्हणतील, तुला यातले काय कळते. त्यांना सांगा, कल्हई लावण्यापूर्वी बूड पाहावे, एवढे आम्हांला आमच्या आजीपासून कळते.